सात अंड्यांचं रवण

मार्गशीर्ष लागला की शेजारची कोंबडी खुडूक होते आणि माझी सकाळची झोप जाते. खुडूक कोंबडीचा आवाज वेगळा असतो. ते ओरडणं नसतं, कुरकुरणं असतं. घशातल्या घशात, एकसारखं. कुणाकडे काही मागणं नाही आणि थांबणंही नाही. मी अंथरुणावर उठून बसते. उठून करायचं काही नसतं. चहा करते, तो गार होतो, पुन्हा गरम करते. गुडघे म्हणतात बस, डोकं म्हणतं ऊठ. दोघांची समजूत घालता घालता उन्हं अंगणात येतात.

परवा शेजारची सून विचारायला आली, "काकी, अंडी किती ठेवू?" पोरगी शिकलेली आहे, मोबाइलवर सगळं बघते, पण कोंबडी बसवायची म्हटल्यावर तिला म्हातारं माणूस लागतं. मी म्हटलं, विषम ठेव. आणि पाटीत गवताखाली एक लोखंडी खिळा ठेव. ढग गडगडले तर अंडी नासत नाहीत. ती हसली. या दिवसांत कसला गडगडाट, म्हणाली. तिचं खरंच होतं. पण खिळा ठेवला तिने. मी कुंपणापलीकडून बघितलं, ठेवला. आणि मग दिवसभर मला काही सुचेना. नुसती बसून राहिले, अंगात कणकण असल्यासारखी. एका खिळ्याने माणूस इतका मागे जातो हे मला आधी ठाऊक नव्हतं.

आमच्याकडे कोंबडीला अंड्यांवर बसवण्याला रवण म्हणतात. रवणाचे एकवीस दिवस. पावसात पिल्लं गारठून मरतात आणि चैत्र-वैशाखात कोंबड्यांत मर येते, म्हणून रवण घालायचं ते थंडीत. भात घरात आलेलं असतं, गवत ताजं असतं, कण्या मिळतात, आणि पावसापर्यंत पिल्लं स्वतःच्या पायावर उभी राहतात. मला थंडी म्हटली की लोकांसारखे आंब्याचे मोहर वगैरे आठवत नाहीत. कोंबडीखालचं ऊबदार गवत, त्यात टाकलेली चुलीतली राख, आणि या सगळ्याचा मिळून येणारा एक आंबूस वास आठवतो. तो काही चांगला वास नव्हे. पण माझ्या लहानपणाला तोच आहे, त्याला मी काय करू?

गोवा मोकळा व्हायच्या आधी तीन-चार वर्षं. मी दहा वर्षांची असेन. आमचं घर वेंगुर्ल्याच्या अलीकडे, खाडीच्या काठाला. माझे वडील, त्यांना मी आबा म्हणायची, आगबोटीवर आगवाले होते. बोटीच्या पोटात उभं राहून भट्टीत कोळसा मारायचा, हे काम. वीस वर्षं मारला. मग एके दिवशी ट्रंक घेऊन घरी आले ते कायमचे. सोबत खोकला आणला. पंचेचाळिशीच्या आतबाहेरचा माणूस, पण विहिरीवरून एक कळशी आणायची तरी मध्ये दोनदा थांबायचा. सकाळी उठून अंगणातल्या बाकड्यावर बसायचे ते जेवणापर्यंत. दमलेला माणूस आणि आळशी माणूस लांबून सारखेच दिसतात, आणि गाव तर नेहमी लांबूनच बघतं. त्यामुळे आबांना पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं.

आई मासे विकायची. उजाडता उजाडता बंदरावर जायची, डोक्यावर पाटी घेऊन गावं फिरायची आणि बाराच्या उन्हात परत यायची. तीही दमायची, पण तिचं दमणं कुणी बघत नसे, कारण ती बसलेली दिसत नसे. कोंबड्या आधी तिच्याच होत्या. आबा घरी बसले तशा त्या आपसूक आबांच्या झाल्या. बायकांचं काम पुरुषाने धरलं म्हणून वाडीत थट्टा झाली. तांबडी रवणावर बसली की लोक विचारायचे, औंदा दोघं बसलीत की एकटीच? आबा म्हणायचे, दोघं. चिडायला दम लागतो, तेवढा त्यांच्यात नव्हता.

तांबडी म्हणजे आमची गावठी कोंबडी. दिसायला काही नाही, मानेवरची पिसं कायम उडालेली, पण रवणाला पक्की. एकदा बसली की दिवसातून एकदाच उठायची, चार दाणे टिपायची, पाणी प्यायची आणि धावत परत. शेवटच्या आठवड्यात तिचा तुरा फिका पडायचा. तिला उचललं तर हाताला वजनच लागायचं नाही. आबा तिला उचलून धरायचे आणि म्हणायचे, हीसुद्धा आगवालीच. ऊन, पाऊस, किनारा काही बघायचं नाही, खाली ऊब ठेवायची.

त्या वर्षी तांबडीखाली जी अंडी गेली ती आमची नव्हती. आमच्या वाडीच्या टोकाला फिलूमाय राहायची. ख्रिस्ती बाई, विधवा, आईची मैत्रीण. तिची बहीण पलीकडे पेडण्यात दिलेली होती. त्या दिवसांत सीमा बंद होती. पलीकडे जायचं म्हणजे परवाना, आणि परवाना म्हणजे मोठीच यातायात. बहीण आजारी म्हणून फिलूमायला एकदाचा मिळाला. बहिणीचा नवरा तिथल्या एका पाखल्याच्या बंगल्यावर आचारी होता. पाखले म्हणजे पोर्तुगीज. त्या पाखल्याने आपल्या देशाहून कोंबड्या आणलेल्या होत्या. काळ्या कुळकुळीत, आकाराने आमच्या दोन कोंबड्यांएवढ्या, आणि पायांवर खाली बोटांपर्यंत पिसं. सीमा बंद व्हायच्या आधीच्या एका खेपेनंतर फिलूमायने त्यांचं वर्णन केलं होतं आणि तेव्हापासून आबांनी ध्यास घेतला होता. त्या माणसाने स्वतःसाठी कधी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. फिलूमायकडे मात्र त्यांनी तोंड उघडून अंडी मागितली.

तिने नऊ आणली. भाताच्या कोंड्यात पुरून, वर सुकी सुंगटं, म्हणजे कोलंबी, पसरून. होडीत दोन फुटली. उरलेली सात तिने आमच्या ओटीवर एकेक करून मांडली. गावठी अंड्यांपेक्षा मोठी, किंचित तांबूस. आबांनी एकही हातात घेतलं नाही. नुसते बघत राहिले. फिलूमायने चुलीतला कोळसा घेऊन प्रत्येक अंड्यावर फुली काढली. कोंबडीने नंतर स्वतःचं अंडं त्यात घातलं तर ओळखू यावं म्हणून अशी खूण करतात. तिची फुली क्रुसासारखी झाली. आईने खाली खिळा ठेवला. आबा म्हणाले, आता सगळ्या देवांनी मिळून काय ते बघा.

तांबडीला बसवल्यावर आईने पाणी शिंपडलं, हात जोडले आणि राखणदाराच्या दिशेला तोंड करून उभी राहिली. राखणदार म्हणजे वाडीचा रक्षण करणारा देव. वाडीबाहेर सातवणीच्या झाडाखाली त्याचा काळा दगड आहे, दरवर्षी पावसाआधी तिथे राखण होते आणि घराघरातून कोंबडा जातो. तर आई त्या दिशेला उभी राहिली, आणि जरा जास्त वेळ उभी राहिली. मला वाटलं अंड्यांसाठी.

ते एकवीस दिवस आमच्या घरात एक वेगळीच शांतता होती. आबांचा खोकला त्या थंडीत वाढला होता, पण ढास लागली की ते उठून मांगराच्या, म्हणजे परसातल्या खोपटाच्या, मागे जात, तांबडी बिचकू नये म्हणून. एकोणिसाव्या दिवशी त्यांनी परातीत कोमट पाणी घेतलं आणि सातही अंडी त्यात सोडली. जिवंत अंडं पाण्यात डुलतं, असं म्हणतात. आम्ही दोघं परातीवर वाकून बसलो. आधी काहीच होईना. मग एक हललं. पाण्यावर कुणी फुंकर घालावी इतकंच. मग दुसरं. मग आबांनी माझा हात धरला, तो पाच अंडी हलेपर्यंत सोडला नाही. दोन तशीच राहिली. तीही त्यांनी परत तांबडीखाली ठेवली. म्हणाले, काहींना वेळ लागतो.

पाच पिल्लं निघाली. काळी, पोटाशी पांढुरकी, आणि पायांवर खरोखरच कापूस गुंडाळल्यागत लव. मुलं बघायला आली आणि पाच मिनिटांत नाव पडलं, इजारवाले, म्हणजे विजारवाले. तांबडी मात्र उठेना. पाच पिल्लं पंखांतून डोकावत होती, भुकेने चिवचिवत होती, आणि ती दोन मेलेल्या अंड्यांना धरून बसलेली. दोन दिवस वाट बघून आईने ती काढून घेतली आणि माडाच्या मुळाशी पुरली. तरी ती संध्याकाळपर्यंत रिकाम्या गवतावर बसून होती. तिला उचललं तेव्हा खाली फक्त खिळा होता.

पिल्लांचे ते दिवस आठवले की मला आजही दमायला होतं. आबा वारूळ फोडून वाळवीसकट मातीची ढेकळं आणायचे, ती अंगणात आपटायची, पिल्लं तुटून पडायची. सुकलेला जवळा कुटून कण्यांत कालवायचा. माझं काम घारीवर लक्ष ठेवायचं. शाळेतून आले की काठी घेऊन अंगणात. एक दिवस मी पाटीवरची बेरीज पुसायला खाली बघितलं, आणि एक पिल्लू गेलं. आबा मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. दुसरं मुंगसाने नेलं. शिमग्यापर्यंत तीन उरली, आणि तिघांत कोण कोण आहे ते दिसू लागलं. दोन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या माद्या, आणि एक कोंबडा.

कोंबड्याचं नाव आबांनी कप्तान ठेवलं. म्हणायचे, वीस वर्षं बोटीत काढली, पण आगवाल्याला कप्तान कधी दिसतो? तो वर, आम्ही खाली. आता बघून घेतो. आणि खरंच तासन्‌तास बघायचे. कप्तानाचं चालणं तसंच होतं. पाय उचलून पिसं झाडायची, मग तो ठेवायचा, घाई म्हणून नाही. तो आबांच्याच हातून खायचा. दुसरं कुणी जवळ गेलं तर चोच मारायचा, आईला तर दिसली की मारायचा. आई त्याच्याकडे फारशी बघतच नसे. मला वाटायचं, चोचीला भिते.

आबांचे बेत चालले होते. तलंगा पावसात अंड्यावर येतील. पुढच्या थंडीत तांबडीखाली एक रवण, फिलूमायच्या कोंबडीखाली एक. चांगली जात, म्हणून वाडीत घरटी एक जोडी द्यायची. विकायची नाही, द्यायची. हे बोलताना त्यांना दम लागत नसे, किंवा लागला तरी ते थांबत नसत. आई भात वाढता वाढता ऐकायची आणि हूं म्हणायची. तिचं हूं हळूहळू बारीक होत गेलं.

कप्तान पहिल्यांदा आरवला तो वैशाखात. सकाळची वेळ, आई नुकतीच पाटी घेऊन निघायच्या बेतात. तो कुंपणाच्या दगडावर चढला, मान ताणली, आणि घशातून चिरका, अर्धवट, मध्येच मोडलेला आवाज निघाला. मिसरूड फुटलेल्या पोराचा असतो तसा. आबा मोठ्याने हसले. मला त्यांचं हसणं इतकं परकं वाटलं की मी आधी त्यांच्याकडेच बघितलं. मग आईकडे. ती पायरीवर खाली बसली होती, पाटी डोक्यावरून उतरवून, आणि पदर तोंडाला लावून रडत होती.

मग सगळं बाहेर आलं. रवण घातलं त्या दिवशी तिने राखणदाराला नवस बोलला होता. ह्यांच्या खोकल्याला उतार पडू दे, ह्या रवणातून उठणारा पहिला कोंबडा तुझा. आमच्याकडे कोंबडा आरवेपर्यंत देवाला चालत नाही. आरवला की तो देवाचा झाला. म्हणजे चार महिने ती त्या आरवण्याची वाट बघत होती, आबा बघत होते तशीच. फक्त दोघांची वाट वेगळी होती.

"सात अंड्यांत तीन कोंबे तरी येतीत असां माका वाटलां," ती म्हणाली. "एकच येतलो असां कोणाक ठावक?"

हे तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. कुणालाही तसंच वाटलं असतं. पहिला देवाला, दुसरा-तिसरा घराला, असाच हिशेब आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालतो. राखण आठ दिवसांवर आली होती, तलंगांना अंड्यावर यायला अजून महिना दोन महिने. सीमा बंद. कप्तान गेला की ती जात आमच्या अंगणात संपली. हे सगळं मलासुद्धा कळत होतं, मग आबांना कळत नसेल काय.

शेवटी तेच म्हणाले, ग्रामदेवतेला कौल लावून बघ. दुसरा कोंबडा चालतो का विचार. कौल म्हणजे देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या लावायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. गुरव लावतो. आई सोमवारी गेली. एकटी गेली, मला नेलं नाही. परत आली तेव्हा आबा बाकड्यावरच होते. तिने पायांवर पाणी घेतलं आणि त्यांच्याकडे न बघता सांगितलं, "तोच होयो म्हणता देव."

आबा बरं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांना तंबाखू हवा होता म्हणून मी त्यांच्यासोबत दुकानावर गेले. तिथे गुरव भेटला. बडबड्या माणूस, पोटात काही राहायचं नाही. लांबूनच म्हणाला, "सुटलंस रे. उजवो कौल पडलो, तीनदा. खंयचोय दुसरो कोंबो दी, देवाक चलता."

आबांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. गुरवाला काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही, काहीतरी हवापाण्याचं बोलले. परतताना ते वाटेत धक्क्याच्या दगडावर बसले. नेहमीपेक्षा जास्त वेळ बसले. खाडीला ओहोटी होती, चिखलात बगळे होते. मी रडकुंडीला आले होते. आई खोटं बोलली, हे मला पेलत नव्हतं, आणि आता कप्तान वाचणार, हेही. मी म्हटलं, आबा, चला ना, आईला सांगूया गुरव काय म्हणाला ते.

"नको, बाय," ते म्हणाले. "घरात ह्यां बोलू नको. तिका झोप लागांदे."

मला तेव्हा हे कळलं नाही. रागच आला. देव सोडतोय, मग हे का धरून बसलेत? पण आबांचा शब्द मोडायची आमच्या घरात रीत नव्हती, आणि त्यांनी माझ्याकडे तरी कधी काय मागितलं होतं? मी गप्प राहिले. आज विचार करते तेव्हा ध्यानात येतं की आईने कौल बदलला तो देवाच्या भीतीने नव्हे. देवाने हो म्हटलं होतं. पण देव हो म्हणाला तरी खोकला थोडाच हो म्हणतो? उद्या ढास वाढली तर ती कुणाला जाब विचारणार होती? एका कोंबड्यासाठी नवरा घालवला, हे वाक्य तिने स्वतःच स्वतःला आधी ऐकवलं असेल, दहा वेळा. आबांनी ते तिच्या न बघता सांगण्यातून वाचलं. बोटीच्या पोटात वीस वर्षं अंधारात काम केलेल्या माणसाला तेवढं दिसत असावं.

राखणीच्या दिवशी कप्तानाला धरायला कुणी जाईना, कारण तो कुणाच्या हाती लागत नसे. आबाच उठले. त्यांनी हातावर कण्या घेतल्या, तो आला. त्यांनी त्याला काखेत घेतलं, पायांवरची पिसं एकदा नीट केली आणि त्याच्या कानाशी वाकले. आई आत होती. मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं. "माजी पाळी तू घेतलंस रे," ते म्हणाले. बोटीवर कुणी आजारी पडला की दुसरा त्याची पाळी करायचा, हे त्यांनी मला कधीतरी सांगितलं होतं. मग ते त्याला घेऊन सातवणीकडे चालत गेले. मध्ये एकदाही थांबले नाहीत. राखणीचं जेवण तिथेच शिजतं, पुरुषांनीच जेवायचं, घरी काही आणायचं नाही. संध्याकाळी आबा परत आले, चूळ भरली आणि बाकड्यावर बसले. जेवण कसं झालं, असं आईने विचारलं नाही.

त्या पावसात आबांचा खोकला खरंच कमी झाला. राखणदाराने केला की कोळशापासून लांब राहिल्याने झाला, ते मी कसं सांगू? मी नंतर तीस वर्षं शाळेत शिकवलं, मुलांना कार्यकारणभाव समजावला, पण या एका गोष्टीपुढे माझा खडू थांबतो. कळशी ते न थांबता आणू लागले. वाडीची थट्टा बंद झाली. घरात सगळं ठीक झालं, एक सोडून. आईला झोप लागेना. दुपारी मासे विकून आल्यावर ती आधी तासभर गाढ झोपायची, आता डोळे मिटून पडायची आणि आबा खाकरले की उघडायची. ते नुसता घसा साफ करत असले तरी. मासे विकताना पेंगायची, घरी आली की टक्क जागी. मी बघायची आणि मला वाटायचं, आता सांगून टाकावं. पण काय सांगणार? आणि कुणाच्या बाजूने?

काळ्या तलंगांनी अंडी घातली. गावठी कोंबड्याची पिल्लं झाली. त्यांच्या पायांवर पिसं आली, पण तुरळक. त्यांच्या पिल्लांच्या पायांवर त्याहून कमी. आबा दरवर्षी पिल्लं उलटी धरून पाय बघायचे. तिसऱ्या-चौथ्या वर्षी बघायचं सोडलं. तोवर गोवा मोकळा झाला होता. ज्या दिवशी होड्या बिनपरवान्याच्या जाऊ लागल्या त्याच आठवड्यात ते फिलूमायबरोबर पेडण्याला गेले. बंगला रिकामा होता, खिडक्या उघड्या. फिलूमायचा मेव्हणा तिथेच भेटला. त्याने सांगितलं, पाखला घाईत गेला, आणि कोंबड्या शेवटच्या दोन दिवसांत खाऊन संपवल्या. आबा संध्याकाळी परत आले. आईने विचारलं, मिळाली काय अंडी? ते म्हणाले, हवाच होती बदलायची, बदलली. चांगला प्रवास झाला. त्या रात्री जेवताना ते फार दमलेले दिसले.

नवसानंतर आबा आठ वर्षं जगले. गेले ते खोकल्याने नव्हे, साध्या तापाने, चार दिवसांत.

ते गेल्याच्या पुढच्या थंडीतली गोष्ट. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते, सुट्टीत घरी आले होते. आई रवण घालत होती. तांबडी केव्हाच मरीत गेलेली, ही तिच्या नातीची पणती असेल. ओटीवर सात अंडी मांडलेली, पाटीत गवत, राख. तिने खिळा हातात घेतला आणि ठेवायच्या ऐवजी बघत बसली. ती खूप वाळली होती. आठ वर्षं अर्धवट झोपलेल्या माणसाचे डोळे कसे असतात ते तिच्याकडे बघून कळायचं. मी कोळसा घेऊन आले तर ती खिळ्याकडे बघतच म्हणाली,

"देवान सोडललो गो तेका. मियां सोडूक नाय."

मी कोळसा खाली ठेवला. मग तिने सगळं सांगितलं, मला ठाऊक असलेलं सगळं. तीनदा पडलेला उजवा कौल. देवळातून घरापर्यंतची वाट, त्या वाटेवर खरं सांगायचं ठरवलेलं, आणि अंगणात शिरताना आबांची एक ढास ऐकू आली तेव्हा तोंडातून निघालेलं भलतंच. एवढं एकच त्यांना हवं होतं आणि ते मी खोटं बोलून काढून घेतलं, असं ती म्हणाली. मेल्यावर वर भेटले तर तोंड कसं दाखवू, म्हणाली.

आबांचा शब्द मी आठ वर्षं पाळला होता. ज्यांनी घेतला ते नव्हते. मी म्हटलं, "आई, त्यांना ठाऊक होतं. गुरवाने दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. मी होते तिथे."

तिने मान वर केली. एक अंडं तिच्या हातात होतं, ते तिने दोन्ही हातांनी धरलं.

"आणि तरी दिल्यानी?"

"दिला."

बाहेर कोंबडी कुरकुरत होती. आई तिकडे बघत नव्हती, कुठेच बघत नव्हती. मला नव्हे, हातातल्या अंड्यालाच सांगितल्यासारखं म्हणाली, "माका झोप लागांदे म्हणान."

आबांचं ते वाक्य मी तिला सांगितलेलं नव्हतं.

तिने अंडं माझ्या हातात दिलं आणि ओटीवर, तिथेच, हाताची उशी करून आडवी झाली. भरदुपार होती, चुलीवर आमटी होती. मी कोळसा उचलला आणि सातही अंड्यांवर फुल्या काढल्या, सावकाश, फिलूमाय काढायची तशा. खिळा गवताखाली ठेवला. कोंबडी आणून बसवली. ती थोडा वेळ कुरकुरली, पोटाखाली अंडी सारून घेतली आणि गप्प झाली. मी वळून बघितलं तर आईचं तोंड किंचित उघडं होतं आणि श्वास एकसारखा लागला होता. तिला झोप लागली होती.